तीर्थनच्या ट्राउटला मे महिन्यात गरवताना

शाळेला सुट्टी मे महिन्यात लागते, त्यामुळे हिमालयातल्या ट्राउट माशाशी माझी गाठ पडते ती भर उन्हाळ्यातच. जाणकार सांगतात की तीर्थन नदीवर जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर. खरं आहे त्यांचं. पण शिकवणाऱ्या माणसाला ती चैन नाही. आम्हाला बर्फ वितळून चढलेल्या नदीवरच गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकावं लागतं, आणि त्या नदीचे काही नियम कळले की मे काही वाईट नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत मात्र उरकायला हवं. नंतर पाऊस येतो, पाणी गढूळ होतं आणि डोंगरही सुटायला लागतात.

तीर्थन कुल्लू जिल्ह्यातली. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत, वर बर्फात उगम पावते, गुशैनी आणि नागिनीवरून खाली येते आणि लारजीला बियासला मिळते. पुण्याहून दिल्ली किंवा चंदीगड गाठायचं, तिथून मनालीची रात्रीची बस धरायची आणि औटला उतरायचं. कंडक्टरला हे आधी दोनदा सांगून ठेवा, नाहीतर सकाळी डोळे उघडतात ते थेट कुल्लूत. औटहून बंजार आणि गुशैनीला टॅक्सी मिळते, लोकल बसही आहे.

इथला ट्राउट मूळचा इथला नव्हे. इंग्रज साहेबाला हिमालयात बसून आपल्या घरचा मासा पकडायचा होता. स्कॉटलंडहून बोटीने आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी 1900 मध्ये काश्मीरला जिवंत पोचली, आणि तिथून 1909 च्या सुमारास हा मासा कुल्लूत आला. साहेब गेला, मासा राहिला. तीर्थनमध्ये तो आता स्वतःची वीण स्वतः करतो. अंडी घालतो थंडीच्या तोंडावर, म्हणून 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर इथे मासेमारीला पूर्ण बंदी असते. इतर महिन्यांत मत्स्य विभागाचा दिवसाच्या हिशोबाचा परवाना लागतो. तो काढल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. होमस्टेवाले ‘चलता है’ म्हणाले तरीही. पार्कच्या हद्दीत तर गळ टाकायचाच नाही.

आता नदीकडे वळू.

मे महिन्यातली तीर्थन दिवसातून दोनदा वेगळी असते. वर बर्फावर ऊन पडतं दहा-अकरानंतर. ते वितळलेलं पाणी खाली पोचायला काही तास जातात. त्यामुळे सकाळी पाणी सगळ्यात कमी आणि सगळ्यात नितळ, आणि दुपार कलली की ते चढायला लागतं, किंचित दुधाळ होतं. मी खिशात खडू ठेवते (शाळेतून येताना तेवढीच एक चोरी). पाण्यात उतरण्याआधी काठच्या मोठ्या दगडावर, पाण्याच्या रेषेच्या चार बोटं वर, एक आडवी रेघ ओढायची. अर्ध्या-पाऊण तासाने तिच्याकडे एकदा बघायचं. पाणी रेघेला लागलं की नदी ओलांडून गेलेल्याने आधी आपल्या काठाला परत यायचं, मग पुढचं काय ते. सकाळी गुडघ्याएवढ्या पाण्यातून सहज पार केलेली जागा संध्याकाळी मांडीपर्यंत येते, आणि मांडीपर्यंतचं तीर्थनचं पाणी माणसाला उभं राहू देत नाही.

दोरीला बांधलेला साधा थर्मामीटरही सोबत असू द्या. ब्राउन ट्राउटची भूक बारा ते सोळा अंशांच्या आसपास चांगली असते. सकाळी सातला पाणी दहाच्या खाली असेल तर मासा तळाशी बसून राहतो, तोंडासमोर आलं तेवढंच खातो. तेव्हा फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा, तळाजवळून न्यायची. अकरा-बारानंतर पाणी तापलं, किडे उडायला लागले, की मासा वर बघू लागतो. उलट, खाली सखल भागातल्या एखाद्या ओढ्यात पाणी वीसच्या वर गेलेलं दिसलं तर गळ गुंडाळा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यात झुंजवलेला मासा सोडला तरी मरतो.

मुख्य नदी फारच चढली असेल तर गुशैनीला येऊन मिळणाऱ्या फलाचनच्या बाजूने वर जा. लहान पाण्यात मासे लहान मिळतात, पण फ्लाय टाकायला शिकण्यासाठी त्याच्यासारखी जागा नाही.

मासा कुठे असतो हे शिकवता येतं, आणि ते रॉड विकत घेण्याच्या आधी शिकावं असं माझं मत आहे. ट्राउटला तीन गोष्टी हव्या असतात: फार जोर न लावता उभं राहायला जागा, समोरून वाहत येणारं खाणं, आणि धोका वाटला तर लपायला आडोसा. तीर्थनचा तळ सगळा दगडधोंड्यांचा. मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी संथ होतं, हे सगळ्यांना दिसतं आणि सगळे तिथेच गळ टाकतात. पण धोंड्याच्या पुढेही, जिथे प्रवाह आपटतो, तिथे पाण्याची एक गादी तयार होते, आणि चांगला मासा पुष्कळदा तिथे बसलेला असतो. तिसरी जागा म्हणजे वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती रेघ. ती ओळखायची फेसावरून. फेसाचे बुडबुडे ज्या पट्ट्यातून रांगेने जातात, त्याच पट्ट्यातून मेलेले-बुडालेले किडेही जातात. पोलराइज्ड गॉगल लावा, काठावर बसा, दहा मिनिटं फक्त फेस बघा. दुपारनंतर पाणी चढलं की मासे मधला जोराचा प्रवाह सोडून काठाला येतात, अगदी बूड टेकवून बसलेल्या माणसाच्या पायाशी. म्हणून संध्याकाळी पाण्यात उतरायची गरजच नसते.

मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. याचा अर्थ आपण खालून वर चालायचं, त्याच्या शेपटीकडून. रस्त्यावरून उतरून वरून खाली येत जाणारे हौशे-नवशे लोक पुढच्या सगळ्या माशांना आपणच दवंडी पिटून सांगत जातात.

इथे माझ्यातली विज्ञानाची बाई जागी होते, त्याला इलाज नाही. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे खालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि त्या खिडकीचा व्यास असतो मासा जेवढा खोल असेल त्याच्या साधारण सव्वादोन पट. फूटभर खोलीवरच्या माशाची खिडकी सव्वादोन फुटांची. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात तळाचे दगड दिसतात. काठावरचं जग त्या खिडकीच्या कडेला दाबून बसवलेलं असतं, आणि पाण्यापासून दहा अंशांपेक्षा कमी कोनात जे काही आहे ते जवळजवळ दिसेनासं होतं. आता गणित करा. तीस फुटांवर दहा अंश म्हणजे सव्वापाच फूट उंची. म्हणजे माझ्यासारखी बाई तीस फुटांवर पाण्याच्या पातळीत उभी राहिली तर चालून जातं. पंधरा फुटांवर मात्र अडीच फुटांच्या वर काही दिसता कामा नये, म्हणजे उकिडवं बसणं आलं. आणि काठ पाण्यापेक्षा उंच असेल तर ती उंचीही धरायची. त्यावर उभं राहून कितीही सुंदर फ्लाय टाकली तरी मासा आधीच पळालेला असतो. लाल टोपी, चमकणारं घड्याळ, पांढरा शर्ट हे सगळं खोलीवर ठेवा. आणि पावलं. तळाचा दगड दगडावर घासला की माशाला तो अंगाच्या कडेने जाणवतो. टाच न टेकवता, आधी पाऊल चाचपून, मग भार टाकायचा. गुशैनीचा माझा वाटाड्या पहिल्या दिवशी रॉड हातात देतच नव्हता. “मॅडमजी, पहले पैर,” एवढंच म्हणायचा. आजही कुणाला शिकवायची वेळ आली तर मी त्याचीच पद्धत वापरते.

फ्लाय कुठली, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. तो इथे येतो. पाण्यातला एक नारळाएवढा दगड उचला आणि उलटा करा. ओल्या बाजूला जीव दिसतील. चपटे, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची झालर हलवणारे, बहुतेकांना तीन शेपट्या: ते मेफ्लायचं बाळरूप. दोन शेपट्यांचा, दणकट, पाय पसरून चालणारा: स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी दगडाला लागलेली असेल तर ती नीट बघा, तिच्या तोंडातून एक डोकं आणि सहा पाय बाहेर येतील: कॅडिस. तो आपलं घर स्वतःच्या लाळेच्या रेशमाने बांधतो. दगड होता तसाच परत ठेवा. हेच प्राणी पंख फुटून वर आले की मेफ्लायचे पंख पाठीवर उभे, कॅडिसचे कौलारू छपरासारखे उतरते आणि स्टोनफ्लायचे पाठीवर सपाट घडी घातलेले. एवढी ओळख पुरे. लॅटिन नावं शिकून मासा वाढत नाही.

त्या मानाने पेटी छोटी असली तरी चालते. वर तरंगणाऱ्यांत एल्क हेअर कॅडिस 14 आणि 16 नंबरच्या गळावरची, पॅराशूट अ‍ॅडम्स 14 आणि 16. बुडणाऱ्यांत पितळी मण्याची फेझंट टेल आणि हेअर्स इअर, 14 आणि 16. दुधाळ पाण्यासाठी एक-दोन थोड्या मोठ्या, गडद. दुकानदार आणखी चाळीस दाखवेल. रॉड साडेआठ किंवा नऊ फुटांचा, 4 किंवा 5 वजनाचा (हा लाइनीच्या वजनाचा नंबर, किलो नव्हे), त्याच वजनाची तरंगणारी लाइन म्हणजे जाड दोरी, तिच्यापुढे नऊ फुटांचा निमुळता, बारीक लीडर, आणि टोकाला फ्लाय बांधायचा 5एक्सचा टिपेट, म्हणजे सगळ्यात बारीक धागा, जो 0.15 मिलिमीटर जाडीचा असतो. गढूळ पाण्यात 4एक्स चालतो.

आमच्याकडे रत्नागिरीला, भाट्याच्या खाडीवर वडील गरवायचे तेव्हा गरी लांब जायची ती शिशाच्या वजनाने. फ्लायला वजन नसतं. पिसं, केस आणि दोरा, झालं. इथे वजन असतं लाइनीला, आणि फेकायची असते लाइन. फ्लाय नुसती तिच्या मागून जाते. म्हणून जोर लावून उपयोग नाही. रॉड मागे न्या, कानाजवळ थांबवा, मागे लाइन सरळ उलगडेपर्यंत थांबा, मग पुढे. हा मधला थांबाच नवख्यांना जमत नाही. लाइन मागे उलगडायच्या आत पुढे ओढली तर चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. पुण्यात निघण्यापूर्वी महिनाभर शाळेच्या मैदानावर सराव करा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. वॉचमन विचारतो, विचारू द्या. तीस फूट नीट टाकता आलं की तीर्थनला पुरतं. तिथे खरं म्हणजे पंधरा-वीस फुटांच्या पुढे क्वचितच जावं लागतं, आणि मागे झाडं असल्यामुळे डोक्यावरून फेकायला जागाही नसते. मग रोल कास्ट: लाइन पाण्यावरच ठेवून रॉड हळू मागे आणायचा, रॉडमागे लाइनीची कमान लोंबली की पुढे झटकायचा. ही एक फेक पक्की करा.

फ्लाय बांधायला क्लिंच गाठ. टिपेट गळाच्या डोळ्यातून ओवा, स्वतःभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून घाला, मग तयार झालेल्या फासातून. ओढण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ घासून तापते आणि तापलेला नायलॉन कमजोर होतो. मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका, हे गाठ मारण्याच्या आधीच.

मे महिन्यातली माझी रोजची जोडी म्हणजे वर कॅडिस आणि तिच्या गळाच्या बाकाला बांधलेल्या दीड फूट टिपेटवर मण्याची निम्फ, म्हणजे बुडणारी फ्लाय. वरची फ्लाय तरंगते, खालची तळाजवळून जाते, आणि वरची थबकली किंवा गपकन बुडाली की खाली काहीतरी झालं असं समजायचं. बहुतेक वेळा दगड असतो. तरीही रॉड उचलायचा. झटका द्यायचा नाही, टोक वर घ्यायचं फक्त. खाडीतल्या तांबोशीला द्यायचा तो हिसका इथे दिला तर 5एक्स टिकत नाही.

सगळ्यात अवघड भाग फेकल्यानंतर सुरू होतो. फ्लाय पाण्यावर पडली की तिने तिथल्या बुडबुड्यांच्या वेगानेच वाहायला हवं. तिची लाइन मधल्या जोराच्या प्रवाहात पडली तर ती फ्लायला ओढते, फ्लायच्या मागे एक बारीक त्रिकोणी रेघ उमटते, आणि अशा ओढल्या जाणाऱ्या किड्याकडे ट्राउट बहुतेक वेळा पाठ फिरवतो. यावर उपाय साधा आहे: जवळ जा, रॉड उंच धरा, लाइन पाण्यावर पडूच देऊ नका, फक्त लीडर आणि फ्लाय पाण्यावर. प्रत्येक धोंड्यामागे फ्लाय दोन-तीन सेकंद मोकळी वाहत आली तरी पुरते. मग पुढचा धोंडा. एका जागी चार-पाच चांगल्या फेकी झाल्या आणि काही नाही झालं तर हट्ट करू नका. तिथला मासा एक तर नाही, नाहीतर त्याने तुम्हाला पाहिलंय.

लागलेला मासा बहुतेक वेळा वीतभर ते फूटभराचा असतो. ब्राउन ट्राउटचं अंग पिवळट तपकिरी, त्यावर काळे आणि लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडं. ट्राउटच्या शेतीतल्या तळ्यातून सुटून आलेला रेनबो ट्राउट असेल तर कुशीवर गुलाबी पट्टा. फार वेळ झुंजवू नका. हात आधी पाण्यात बुडवून ओले करा, कारण कोरडा हात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून नेतो आणि मग त्याला बुरशी लागते. हाताला वाळू लावून मासा पकडायची सवय असेल तर ती इथे विसरा. गळ पाण्यातच सोडवा, फोटो काढायचा तर तुमचा श्वास रोखून धरा आणि तो सुटायच्या आत मासा पाण्यात परत. तोंड प्रवाहाकडे करून आधार द्या, तो स्वतः जाईपर्यंत.

मी नदीचे मासे सोडते. कुणी परवान्याच्या मर्यादेत एखादा घेतला तर मी नाक मुरडत नाही, पण थंड नदीत हा मासा फार सावकाश वाढतो आणि माणसं आता फार येतात. खायला खोऱ्यात ट्राउटची शेती आहे. तिथला रेनबो घ्या. मी सोबत कोकमाच्या आगळाची छोटी बाटली नेते. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. पोट साफ करून आगळ, हळद, मीठ आणि मिरचीपूड लावून अर्धा तास ठेवायचा, आणि होमस्टेच्या मोहरीच्या तेलात तळायचा. घरच्या आंटी आधी नाक मुरडतात, मग बाटली मागून घेतात.

आता जिवाचं. लारजीच्या खाली बियासच्या पात्रात अजिबात उतरू नका. 8 जून 2014 ला धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 इंजिनिअरिंगचे विद्यार्थी थलौटजवळ वाहून गेले; ते काठाजवळच्या दगडांवर फोटो काढत उभे होते. वर तीर्थनला तसं धरण नाही, पण ढगफुटी आहे. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना वरच्या खोऱ्यात पाऊस पडत असू शकतो. पाणी एकदम मातकट झालं, काटक्या-पानं वाहत येऊ लागली, किंवा उलट पाणी अचानक कमी झालं, तर सामानाचा विचार न करता वर चढा. कमी झालेलं पाणी जास्त भीतीदायक, कारण वर कुठेतरी दरड पडून ते अडलेलं असतं. जुलै 2023 च्या पुरात कुल्लूतल्या नद्यांची पात्रं उलटीपालटी झाली, तेव्हा जुन्या व्हिडिओत पाहिलेली कोंड (डोह) शोधत बसू नका. आहे ती नदी नव्याने वाचा. एकट्याने पाण्यात जाऊ नका. बुटांना फेल्टचा तळ हवा, हातात काठी हवी, आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

निघायच्या आदल्या रात्री बूट, मोजे आणि जाळं पूर्ण वाळवा, म्हणजे एका नदीतली शेवाळं-जंतू दुसरीत जात नाहीत. फ्लायची पेटी उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. ओल्या फ्लाय तशाच मिटून आणल्या तर जूनमध्ये पुण्यात पेटी उघडेपर्यंत सगळे गळ गंजलेले असतात, आणि एल्क हेअरला कुबट वास येतो तो वेगळाच.